विहिरीच्या मापाचा पंप

शहरातील एखाद्या मोठ्या इमारतीच्या आवारात नवी विंधनविहीर घेतली गेली, की रहिवाशांच्या पहिल्याच सभेत एक प्रश्न हटकून निघतो: पंप किती अश्वशक्तीचा बसवावयाचा? शेजारच्या इमारतीत ५ अश्वशक्तीचा असेल, तर येथे साडेसात सुचविला जातो. कोणी अधिक दूरदर्शी गृहस्थ १० सांगतो आणि खर्चाचा आकडा ऐकून थोडी कुरकुर झाली, तरी बहुमत त्याच्याच बाजूस झुकते. मोठा पंप म्हणजे अधिक पाणी, ही समजूत इतकी स्वाभाविक वाटते की, ती तपासून पाहावी असे सहसा कोणास सुचत नाही. वस्तुतः ती चुकीची आहे. पंप पाणी निर्माण करीत नाही. खडकातून विहिरीत जेवढे पाणी झिरपून येईल, तेवढेच तो वर पाठवू शकतो. म्हणून सभेत विचारावयाचा पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नव्हे. ही विहीर तासाला किती पाणी देते, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर मोजून हाती येईपर्यंत पंपाची खरेदी थांबविणे, हेच शहाणपणाचे.

हा विषय किरकोळ नाही, याची साक्ष बंगळूर शहराने अलीकडेच दिली आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसले असून त्याच्या जवळून मोठी नदी वाहत नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून तेथे आणावे लागते. शहर वाढले त्या वेगाने हे नळ वाढू शकले नाहीत. विशेषतः बाहेरच्या बाजूस उभ्या राहिलेल्या प्रचंड निवासी संकुलांची तहान वर्षानुवर्षे विंधनविहिरींनी आणि टँकरांनीच भागविली. २०२३ साली पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या मार्च महिन्यात सरकारी मालकीच्या सुमारे १४ हजार विंधनविहिरींपैकी जवळपास निम्म्या आटल्याचे राज्य शासनाने जाहीर केले. कावेरी योजनेचा पाचवा टप्पा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाला व दररोज ७७.५ कोटी लिटर पाण्याची भर पडण्याची सोय झाली. पण त्या उन्हाळ्यात ज्यांच्या विहिरी कोरड्या पडल्या, त्यांपैकी कित्येकांनी केले काय? विहीर अधिक खोल केली आणि पंप अधिक मोठा घेतला. हा उपाय त्यांना कोणी सुचविला असेल ते सांगणे कठीण नाही. कारण जो पंप विकतो त्याच्याकडे मोजण्याची दोरी क्वचितच असते.

पाणी जमिनीखाली असते म्हणजे नेमके कोठे असते, याविषयीची कल्पना येथे स्पष्ट असावयास हवी. पुष्कळ लोकांच्या मनात भूगर्भातील तळ्याचे किंवा वाहत्या नदीचे चित्र असते. गंगा-यमुनेच्या गाळाच्या मैदानात ते चित्र अगदीच खोटे म्हणता येणार नाही, कारण तेथे शेकडो मीटर जाडीच्या वाळू-मातीच्या थरांच्या कणाकणांमध्ये पाणी साठलेले असते आणि नळीभोवतीची वाळू सर्व बाजूंनी पाणी देत राहते. दक्षिणेकडील पठारावर गोष्ट निराळी आहे. बंगळूरच्या खाली ग्रॅनाइट व त्याच्याच जातीचा पट्टिताश्म आहे. पुण्याखाली काळा बेसाल्ट आहे. जाती निराळ्या असल्या, तरी दोन्ही खडक अंगचे बहुतांशी घट्टच. वरचा काही मीटरांचा मुरूम पावसाचे पाणी धरून ठेवतो. त्याखाली जे पाणी असते, ते कातळातील भेगांत आणि सांध्यांत. विंधनविहिरीला अशी एखादी भेग लागली तर पाणी मिळते. नाही लागली तर दोनशे मीटर खोल जाऊनही हाती केवळ दगडाची भुकटी येते. आणि भेग लागली, तरी तिची रुंदी व तिच्यामागचा साठा यांनी ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने ती पाणी देऊ शकत नाही. दिंडीदरवाजातून एका वेळी जेवढी माणसे आत येतील तेवढीच येणार. आतला मांडव कितीही मोठा केला, म्हणून दरवाजा रुंद होत नाही.

जुन्या शेतकऱ्याला हे चांगले माहीत होते. मोटेने पाणी काढताना बैल दमत, दुपारी त्यांना सोडावे लागे आणि तेवढ्या अवकाशात विहीर पाझरून पुन्हा भरत असे. हातपंपाचेही तसेच. सोलापूर व जालना येथे तयार झालेल्या हातपंपांच्या अनुभवावरून १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सिद्ध झाला आणि तो पुढे देशभर पसरला. मिनिटाला बारा-पंधरा लिटर पाणी देताना माणसाचे दंड भरून येतात, त्यामुळे विहिरीवर अतिरेक होण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. उपसणाराच्या दमावर विहिरीचे रक्षण होत होते. विजेच्या मोटरीला दम लागत नाही, हा तिचा गुण आहे. पण म्हणूनच तिचे माप ठरविताना विचार अधिक हवा.

विहीर किती पाणी देते, हे ठरविण्याच्या ज्या रूढ रीती आहेत, त्यांत दोन ठिकाणी मोठी फसगत होते. विंधणाऱ्या यंत्राने दाबाची हवा आत सोडली, की पाण्याचा उंच फवारा बाहेर पडतो आणि जमलेले लोक टाळ्या वाजवितात. तो फवारा म्हणजे पुष्कळ अंशी नळीत आधीच साठलेले पाणी होय. १५० मिलिमीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर उंचीस साडेसतरा लिटरांच्या आसपास पाणी मावते. दोनशे मीटर खोलीच्या विहिरीत पाणी जमिनीपासून ४० मीटरवर उभे असेल, तर नुसत्या नळीतच २,८०० लिटर पाणी आहे. पहिल्या अर्ध्या तासात जे दिसते ती या साठ्याची संपत्ती. विहिरीची खरी आवक तिच्यामागे दडलेली असते.

दुसरी फसगत इंचांची. दक्षिणेत विंधणारे कारागीर ‘दोन इंच पाणी लागले’ किंवा ‘अडीच इंच लागले’ अशी भाषा वापरतात. ऐकणारास वाटते की, दोन इंची नळ भरून पाणी वाहील. तसे मुळीच नाही. वाहत्या पाण्याच्या वाटेत मध्ये त्रिकोणी खाच असलेला पत्रा उभा करतात व त्या खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते इंचांत सांगतात. खाच काटकोनी असेल, तर एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर. मग दोन इंच म्हणजे हजार लिटर काय? नव्हे, २,९०० च्या जवळपास! पाण्याची उंची दुप्पट झाली की खाचेतील पाण्याची रुंदीही दुप्पट होते आणि वेगही वाढतो, त्यामुळे प्रवाह साडेपाचपटींहून अधिक होतो. तीन इंचांस तो ८,००० लिटरांजवळ जातो. पत्रा मोजताना अर्ध्या इंचाची चूक झाली, की पंपाचा सगळा हिशोब कोसळतो. असे असता ‘दोन-अडीच इंच असेल’ एवढ्या तोंडी वाक्यावर लाखो रुपयांची यंत्रे खरेदी केली जातात.

खरी चाचणी साधी आहे आणि तिला विशेष विद्वत्ता लागत नाही. भाड्याने आणलेला पंप विहिरीत सोडावा. निघणारे पाणी माप माहीत असलेल्या पिंपात घ्यावे आणि पिंप भरावयास किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहावे. त्याच वेळी विहिरीतील पातळी किती खाली गेली, हे टोकाला पाणी लागताच खूण देणाऱ्या मोजफितीने दर काही मिनिटांनी मोजून लिहून ठेवावे. पंप सुरू होण्यापूर्वीची पातळी ती स्थिर पातळी. उपसा चालू असताना पाणी जेथे येऊन ठरते, ती उपशाची पातळी. पाणी ठरत नसेल आणि सतत खाली जात असेल, तर उपसा आवकेपेक्षा अधिक आहे असे समजून झडप थोडी आवळावी. सहा-आठ तास असे चालवून ज्या प्रवाहास पातळी ठरून राहते, तो त्या विहिरीचा प्रामाणिक आकडा. पंप बंद केल्यावर पाणी किती वेळात पुन्हा वर येते, तेही टिपावे; त्यावरून खडकाचा स्वभाव कळतो. चाचणी एप्रिल-मे महिन्यांत घेतली तर उत्तम. ऑगस्टमध्ये घेतलेल्या चाचणीवर मे महिन्याचा भरवसा ठेवणे म्हणजे दिवाळीच्या जमाखर्चावरून वर्षाचा संसार मांडण्यासारखे आहे.

आता एक कल्पित इमारत समजावी. बिऱ्हाडे ४०, माणसे २००. केंद्र शासनाच्या पाणीपुरवठाविषयक नियमपुस्तिकेत भूमिगत गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटरांचा हिशोब धरला आहे. त्या मानाने रोजची गरज २७,००० लिटर. रहिवाशांची इच्छा अशी की, सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तासांत पंपाचे काम उरकावे. म्हणजे मिनिटाला १०० लिटर हवेत. १० अश्वशक्तीची मागणी येते ती येथून. पण चाचणीत असे आढळले की, स्थिर पातळी ४० मीटर, आणि मिनिटाला ३५ लिटर उपसले असता पाणी १२० मीटरवर ठरते. यावर खरा उपाय पंप मोठा करण्याचा नसून वेळ वाढविण्याचा आहे. ३५ लिटरांच्या वेगाने २७,००० लिटर पाणी जवळजवळ १३ तासांत निघते. ते काही तासांच्या दोन-तीन पाळ्यांत काढावे आणि जमिनीखालच्या मोठ्या टाकीत साठवावे. टाकी ही अशा इमारतीची खरी गुंतवणूक आहे. रात्रीच्या शांत वेळी विहीर जे देते ते सकाळच्या गर्दीसाठी तीच राखून ठेवते.

अश्वशक्तीचा हिशोब यानंतरच करावयाचा आणि तो शाळकरी मुलासही जमेल असा आहे. तुलनेच्या सोयीसाठी पाणी सरळ गच्चीवरील टाकीत चढवावयाचे असे धरले, तर उपशाच्या पातळीपासून जमिनीपर्यंत १२० मीटर, तेथून टाकीपर्यंत १८ मीटर आणि नळातील घर्षणापायी २ मीटर, अशी एकूण उचल १४० मीटर भरते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. मिनिटाला ३५ किलोग्रॅम १४० मीटर उचलावयाचे, म्हणजे ४,९०० किलोग्रॅम-मीटर काम झाले. मिनिटास ४,५०० किलोग्रॅम-मीटर म्हणजे एक अश्वशक्ती. तेव्हा पाण्याच्या अंगी सुमारे १.१ अश्वशक्ती लागली. अशा लहान पंपात पुष्कळशी शक्ती वाया जाते. कार्यक्षमता निम्मी धरली, तर मोटरीस २.२ अश्वशक्ती पुरवावी लागेल. बाजारात मिळणारी ३ अश्वशक्तीची मोटर या कामास पुरेशी आहे. सभेने मागितलेल्या दहांच्या तुलनेत ही संख्या ऐकून रहिवासी हसतील, कदाचित रागावतीलही. पण हिशोब त्यांच्यासमोर फळ्यावर मांडता येतो.

येथे दोन गोष्टी विसरल्या जातात. उचल मोजावयाची ती स्थिर पातळीपासून नव्हे. ४० मीटरवर पाणी दिसते म्हणून ६० मीटर उचलीचा पंप आणणारे लोकही आहेत, आणि त्यांचा पंप पातळी खाली जाताच नुसता घरघरत राहतो. दुसरी गोष्ट नळाची. स्वस्त म्हणून बारीक नळ घालणे फार महागात पडते. त्याच प्रवाहासाठी नळाचा व्यास निम्मा केला, तर घर्षण तीसपटींच्या आसपास वाढते. हिशोबातील २ मीटर ४० मिलिमीटर व्यासाच्या नळाचे आहेत. नळ जुना व गंजलेला असेल, तर ते अधिक धरावेत.

पंप विहिरीच्या वर न बसविता पाण्यात का सोडावा लागतो, याचेही कारण पुष्कळांस ठाऊक नसते. ओढणारा पंप पाणी ओढीत नाही. तो नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब दहा मीटरांहून थोडे अधिकच पाणी तोलू शकतो. पंप एका मर्यादेपलीकडे पाणी चढवीत नाही, याचा उल्लेख गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात केला आणि त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने त्या मर्यादेचे कारण उघड केले. बंगळूरच्या उंचीवर ही मर्यादा आणखी मीटरभर कमी होते. शंभर मीटर खोलीवरच्या पाण्यास खालून ढकलणे हाच मार्ग उरतो. म्हणून ज्याला लोक पाणबुडी मोटर म्हणतात, ती लांबट मोटर व तिच्यावर एकावर एक रचलेली चाके, असे सर्व यंत्र नळीत खोल सोडतात. प्रत्येक चाक पाण्याच्या दाबात थोडीथोडी भर घालते. चाकांची संख्या उचलीप्रमाणे ठरते, चाकाचा आकार प्रवाहाप्रमाणे; नुसती अश्वशक्ती सांगून या दोहोंपैकी कशाचाच बोध होत नाही. एकाच ५ अश्वशक्तीच्या नावाखाली थोडे पाणी फार उंच नेणारा आणि पुष्कळ पाणी थोडेच उंच नेणारा, असे दोन अगदी भिन्न पंप मिळतात. ज्या दुकानात पंपाच्या उचलीचा व प्रवाहाचा आलेख दाखविण्याची तयारी नसेल, तेथून पंप घेऊ नये.

बहुमताने आणलेला १० अश्वशक्तीचा पंप त्याच विहिरीत १८० मीटर खोलीवर सोडला, तर काय होईल? तो मिनिटाला सुमारे १०० लिटर उपसू लागेल. आवक ३५, उरलेले ६५ लिटर नळीतील साठ्यातून जातील. ४० मीटरपासून पंपापर्यंतच्या १४० मीटर नळीत जवळजवळ २,५०० लिटर पाणी आहे. साधा भागाकार सांगतो की, ३८ मिनिटांत पाणी पंपाच्या तोंडाशी येईल. आवक पातळीबरोबर थोडी बदलते, त्यामुळे प्रत्यक्षात काही मिनिटे इकडे-तिकडे होतील, एवढेच. पहिला अर्धा तास टाकीत धो धो पाणी पडताना पाहून सारे खूश असतात. चाळिसाव्या मिनिटास नळातून हवेचे फुत्कार निघू लागतात. मग विहीर आटली अशी हाकाटी होते. विहीर आटलेली नसते. ती पूर्वीइतकेच, मिनिटाला ३५ लिटर पाणी देत असते.

मोटरीची मात्र हानी होते. पाण्यात बुडलेली मोटर भोवतालून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते आणि तिच्या आतील धारवे पाण्याच्याच वंगणावर फिरतात. कोरडी चालली की ती तापते, तारांचे वेष्टण जळते, आणि मग सबंध नळ वर काढावा लागतो. यावर पाणी संपताच मोटर बंद करणारे स्वयंचलित खटके बसवितात. ते अवश्य बसवावेत. पण मोठ्या पंपावरील खटका दिवसातून कित्येक वेळा मोटर बंद करतो व कित्येक वेळा सुरू होऊ देतो. थेट जोडलेली मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सातपट विद्युत्प्रवाह घेते, आणि प्रत्येक आरंभ हा तारांवर एक आघात असतो. शिवाय पाणी वारंवार भेगांच्या खाली गेल्याने वरून पडणाऱ्या धारांबरोबर हवा मिसळते, गाळ सुटतो व चाके झिजतात. भेगेच्या खाली पातळी नेऊन अधिक पाणीही मिळत नाही. धार उंचीवरून पडली काय किंवा थोड्या खालून आली काय, भेगेला त्याचे सोयरसुतक नसते.

मोठ्या पंपाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, तो अगदीच पोकळ आहे असे मात्र नव्हे. वीज जेथे दिवसातून पाच-सहा तासच येते, तेथे त्या वेळात जमेल तेवढे काढून घ्यावे असे वाटणे साहजिक आहे. परंतु हिशोब येथेही सुटत नाही. सहा तासांत आमच्या कल्पित विहिरीत १२,६०० लिटर पाणी येते. मोठा पंप त्यात फार तर नळीतील साठ्याच्या अडीच हजार लिटरांची भर घालील. तेवढ्यासाठी तिप्पट शक्तीची मोटर पोसणे परवडते काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. गाळाच्या प्रदेशात विहीर खरोखरीच तासाला वीस-तीस हजार लिटर देत असेल, तर मोठा पंप योग्यच होय. लखनौच्या इमारतीस बंगळूरचे माप लावणे ही उलट दिशेची तीच चूक ठरेल. आणि मागणी पुढे वाढेल म्हणून आजच मोठा पंप घ्यावा, हे म्हणणे तर उलटे आहे. भारतीय पठारावरील विंधनविहिरींचा अनुभव असा की, माणसे वाढत जातात आणि आवक घटत जाते. पंपाचे माप आवकेला बांधलेले असल्यामुळे पुढील खरेदी बहुधा अधिक लहान पंपाची असावी लागेल.

आवक मिनिटाला ३५ वरून १५ लिटरांवर आली तर काय? अहोरात्र उपसूनही २१,६०० लिटरच निघतील आणि गरज २७,००० ची आहे. ही तूट कोणताही पंप भरून काढू शकत नाही. गच्चीवरील पावसाचे पाणी साठविण्याचा उपाय येथे सुचविला जातो. बंगळूरात विशिष्ट आकाराहून मोठ्या इमारतींवर २००९ पासून ते कायद्याने बंधनकारकही आहे. त्याचेही माप प्रामाणिकपणे सांगावयास हवे. ५०० चौरस मीटरांची गच्ची, वर्षाचा पाऊस सुमारे ९७० मिलिमीटर आणि त्यातील चार-पंचमांश हाती लागला असे धरले, तर ३ लाख ८८ हजार लिटर होतात. म्हणजे या इमारतीची चौदा दिवसांची गरज. हे थोडे वाटेल. पण मोठ्या पंपामुळे मिळणारे पाणी चौदा मिनिटांचेही नाही, आणि गच्चीचे पाणी निदान खरे आहे. उरलेली तूट नगरपालिकेचा नळ, स्नानाचे पाणी शुद्ध करून शौचकूपांसाठी वापरणे आणि गळक्या तोट्या यांच्याकडे पाहूनच भरावी लागेल. तोट्यांचा विषय सभेपुढे क्वचितच येतो. त्यात अश्वशक्ती नसते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि तिचा उच्चार इमारतींच्या सभांतून सहसा होत नाही. एका आवारातील भेग कुंपणाशी संपत नाही. शेजारच्या विहिरीचे पाणी पुष्कळदा त्याच सांध्यातून येते; एकाने खोल जाऊन जोराने उपसले की दुसऱ्याची पातळी उतरते, मग दुसरा अधिक खोल जातो, आणि दोघांच्या पदरात पूर्वीइतकेच पाणी दुप्पट खर्चाने पडते. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टमध्ये जमिनीच्या मालकास तिच्याखालील पाणी उपसण्याचा जो हक्क मान्य झाला आहे, तो शंभर-दोनशे मीटर खोलीच्या नळ्या व पाणबुडी मोटरी अस्तित्वात नसताना. कर्नाटकाने २०११ साली भूजलाच्या नियमनाचा कायदा करून अधिसूचित क्षेत्रांत नव्या विहिरींसाठी परवानगीची अट घातली. तथापि परवानगी विहिरीची मागितली जाते, आणि आत कोणता पंप सोडला हे पाहावयास कोणी येत नाही. विहिरीबरोबर पंपाच्या प्रवाहाचीही नोंद व्हावी, आणि चाचणीचा कागद जोडल्याशिवाय मोठ्या इमारतींना पंपासाठी वीजजोडणी देऊ नये, असा नियम करणे अवघड नाही. तिरुचेंगोड्याहून देशभर हिंडणाऱ्या विंधनयंत्रांच्या गाड्या एका दिवसात दोनशे मीटर खोल जातात. त्या वेगापुढे चाचणीचे आठ तास जास्त आहेत, अशी तक्रार तरी कोणी करू नये.

तोपर्यंत इमारतींच्या व्यवस्थापकांना स्वतःपुरते बरेच काही करता येईल. नळावर एक पाण्याचा मापक व खोलीत एक वही ठेवली, तर दर आठवड्यास उपसलेले पाणी, चाललेले तास, खर्च झालेली वीज आणि विहिरीची पातळी लिहून ठेवता येते. १४० मीटर उचलीस, पंप व मोटर मिळून चाळीस टक्के कार्यक्षमता धरल्यास, हजार लिटरांमागे सुमारे एक युनिट वीज लागते. त्याहून खर्च वाढू लागला, की पातळी उतरली आहे किंवा चाके झिजली आहेत हे वहीच सांगते. पातळी मोजण्यासाठी पंप उतरविताना त्याच्या नळाशेजारून पाऊण इंची प्लॅस्टिकची एक नळी पंपाच्या थोड्या वरपर्यंत सोडून ठेवावी, म्हणजे मोजफीत तारांत किंवा नळात न अडकता केव्हाही खाली सोडता येते. ही नळी त्याच दिवशी बसविणे आवश्यक आहे. पुढे घालावयाची झाल्यास सबंध पंप वर काढावा लागतो.